वॉरंटीचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही धुळ्याला नगरपालिकेच्या शाळेत झालेले. चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की, वर्धापनदिनाला तुम्ही पंधरा-वीस मिनिटे बोलायचे, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. पण त्या म्हणाल्या, तुमच्या फ्रीजची सगळी हकीकत बायकांना सांगा, आणि त्या भानगडीत तुम्हांला जे जे कळले तेही सांगा. म्हणून उभी राहिले आहे. बोलताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

भाषणाला विषय म्हटला म्हणजे मुलांवरचे संस्कार, काटकसर, नाहीतर सणवार. फ्रीज आणि मिक्सर हा काय विषय झाला, असे काहीजणींना वाटेल. पण माझ्या सासूबाई ह्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू दोनच होत्या, दिवे आणि रेडिओ. परवा मी सहज मोजल्या तर तेरा भरल्या. कूलर, फ्रीज, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, इस्त्री, टीव्ही, शिवाय फोन आणि त्यांची चार्जरे. पुरुष मंडळी सकाळी बाहेर पडतात ती संध्याकाळी येतात. ह्या तेरांपैकी एखादे बंद पडले तर त्याच्याशी झगडायचे कोणी? आपणच.

माहेरी धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काका रेडिओ नि टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत बसत. बिघाड त्यांच्या हातून नीट झाला नाही तर आमचे वडील येताजाता विचारीत, आणि काका मान खाली घालून तो पुन्हा उघडीत. त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते ना! आता दुरुस्ती करणारा नाशिकहून की पुण्याहून येतो हे कळत नाही, तक्रार घेणारी मुलगी कोठून बोलते ते तिलाच ठाऊक, आणि यंत्र म्हणते एक दाबा, दोन दाबा. भांडायला समोर माणूसच नसतो. म्हणून कागदाला महत्त्व आले आहे.

आधी शब्दांचे सांगते. आपल्याकडे बायका म्हणतात, गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळते. दुकानदारही तसेच सांगतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका. कार्डावर काय काय लिहिले आहे ते पाहायचे. फ्रीजवर मोठ्या अक्षरांत 'दहा वर्षे वॉरंटी' असे छापलेले असते. आपण समजतो, दहा वर्षे निश्चिंत. आत बारीक अक्षरांत असते की पूर्ण फ्रीजची हमी एक वर्षाची, आणि दहा वर्षांची ती फक्त कॉम्प्रेसरची. पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर तो सुटा भाग फुकट मिळेल, पण गॅस भरण्याचे, मजुरीचे, नेण्याआणण्याचे पैसे पुष्कळ कंपन्या आपल्याकडून घेतात. मिक्सरचेही तेच. मोटारीची हमी वेगळी, भांड्याची वेगळी, आणि पात्याची बहुधा नाहीच.

आता माझी हकीकत. दुकानाचे व कंपनीचे नाव मी घेणार नाही.

जून २०२३ मध्ये आम्ही जळगावातून फ्रीज घेतला. जुना होता तो लहान होता, आणि आमच्या सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे रोज दोन वेळा इन्सुलिन टोचावे लागते. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. जळगावच्या मे महिन्याचे मी तुम्हांला काय सांगू! पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, रात्री बारालासुद्धा भिंती गरम लागतात. तेव्हा आमच्या घरात फ्रीज ही चैनीची वस्तू नाही, औषधाच्या कपाटासारखी आहे.

मे २०२४ मध्ये, म्हणजे वर्ष भरायला तीन आठवडे राहिले असताना, फ्रीज थंड होईनासा झाला. दिवा लागे, आवाज येई, पण दुपारी दूध नासले, आणि बर्फाच्या कप्प्यातून पाणी गळू लागले. मी कार्डावरच्या नंबरला फोन केला. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. वयाने माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा असेल. त्याने फ्रीज पुढे ओढला, मागे हात लावून पाहिले आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "ताई, हे व्होल्टेजमुळं झालं. तुमच्याकडं स्टॅबिलायझर नाही. मागं धूळपण आहे. मेंटेनन्स नाही केला म्हणून वॉरंटीत बसणार नाही. गॅस भरावा लागेल, साडेतीन हजार."

भगिनींनो, फ्रीजची मागची जाळी मी दर दोन महिन्यांनी बटण बंद करून कोरड्या ब्रशने झाडते. गुढीपाडव्याच्या आधी झाडलेली होती. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते, हे त्याला ठाऊक नव्हते थोडेच! मी त्याला म्हटले, "बाळा, तू जे बोललास ना, ते ह्या कागदावर लिही. व्होल्टेजने काय जळाले, धुळीने काय बिघडले, ते लिही आणि खाली सही कर."

तो म्हणाला, "आम्हांला तसं लिहिता येत नाही."

"मग मला साडेतीन हजार देता येत नाहीत," मी म्हटले.

जाताना तो म्हणाला, ताई, तुमच्या फोनवर एक ओटीपी आला असेल तो सांगा, म्हणजे कॉल बंद होईल. हे नीट ऐका. तो आकडा म्हणजे आपले काम झाले असे आपण दिलेले संमतिपत्रच असते. तो आकडा दिला की कंपनीच्या वहीत 'तक्रार मिटली' अशी नोंद होते. काम झालेले नव्हते, मी आकडा दिला नाही. तरी संध्याकाळी निरोप आलाच की आपल्या सेवेची संधी मिळाल्याबद्दल आभारी आहोत, पाचपैकी किती तारे द्याल?

रात्री मुलीला कार्ड वाचायला बसवले. ती अकरावीला होती. कार्ड सगळे इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढे. त्यात कलम होते की, वीजदाबातील चढउतारामुळे झालेल्या बिघाडाला हमी लागू नाही. म्हणजे मुलगा अगदीच हवेतले बोलत नव्हता. पण फ्रीजच्या दारावर कंपनीचे स्टिकर होते. पुष्कळजणी ते काढून टाकतात, मी ठेवले होते. त्यावर लिहिलेले की, हा फ्रीज स्टॅबिलायझरशिवाय चालतो, १३० ते ३०० व्होल्टपर्यंत चिंता नको. आपल्या घरात येणारी वीज असते २३० व्होल्टची. विकताना सांगायचे स्टॅबिलायझर लागत नाही, आणि बिघडल्यावर म्हणायचे स्टॅबिलायझर नव्हता म्हणून हमी नाही. मुलीने त्या स्टिकरचे आणि कार्डाचे शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी घरची मंडळी दुकानात जाऊन आली. दुकानदार म्हणाले, आमचा संबंध विकण्यापुरता, पुढचे कंपनी पाहील. हेही खरे नव्हे, पण ते पुढे सांगते.

मग मी १९१५ नंबर लावला. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. त्यांनी बिलाची तारीख, फ्रीजचा क्रमांक आणि कंपनीने दिलेला तक्रारीचा क्रमांक विचारला, आणि मला त्यांचा एक क्रमांक दिला. त्यांच्या हातात हुकूम करण्याचा अधिकार नाही, हे लक्षात असू द्या. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. जोडीला आम्ही मराठीतच एक पत्र लिहून बिलाच्या प्रतीसह कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवले. पत्रात एकच प्रश्न विचारला, दारावरचे खरे की कार्डावरचे खरे?

पाचव्या दिवशी कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून फोन आला. मग तोच मुलगा आणि त्याच्याबरोबर एक वयस्क मेकॅनिक असे दोघे आले. त्या मेकॅनिकने नळ्यांच्या जोडांना साबणाचे पाणी लावले. एका जोडाला बारीकसा बुडबुडा धरू लागला. फुटला, पुन्हा धरला. मी बोटाने दाखवले. ते म्हणाले, "हो ताई, गळती आहे. हा जोड कारखान्यातलाच आहे." गॅस ह्या जोडातून हळूहळू निघून गेला होता. व्होल्टेजचा नि धुळीचा तिथे काही संबंध नव्हता. जोड पक्का केला, गॅस भरला, पैसे घेतले नाहीत, आणि पावतीवर 'जोडाला गळती, वॉरंटीत दुरुस्त' असे लिहून दिले. तेव्हा मी ओटीपी सांगितला.

ह्या सगळ्याला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत इन्सुलिन शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये होते. वहिनींनी एका शब्दाने कधी म्हटले नाही. पण सासूबाईंना फार लागे. "त्यांच्या दुधाशेजारी माझी बाटली," असे त्या म्हणत. मला पाठवीत नसत, सकाळ-संध्याकाळ स्वतःच काठी टेकत जात आणि बाहेर उन्हात उभ्या राहून हाक मारीत. पहिल्या दिवशी गरम झालेली एक बाटली डॉक्टरांनी टाकून द्यायला सांगितली, ती निराळी. कंपनीकडून कोणी चूक झाली असे म्हटले नाही. माझे एकोणीस दिवस हमीत वाढवून द्या असेही मी विचारून पाहिले, त्याला उत्तर आले नाही.

आता त्या मुलाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. दुरुस्ती झाल्यावर मी दोघांना चहा दिला. मुलगा एरंडोलकडचा, आयटीआय झालेला. मी विचारले, बाबा, पहिल्या दिवशी तू असे का सांगितलेस? तो मोकळेपणी बोलला. त्याला महिन्याचा पगार नाही, कॉलमागे पैसे मिळतात. मे महिन्यात दिवसाला नऊ-दहा घरे करावी लागतात, उन्हात, मोटारसायकलवर. हमीतल्या कामाला त्याच्या हाती थोडे पडते, गिऱ्हाइकाने पैसे भरले तर जास्त. एवढे ऐकल्यावर मला पुष्कळ उलगडा झाला. पोरगा खोटारडा नव्हता, त्याला जसे वागायला लावले आहे तसा तो वागत होता. माझा राग होता तो त्याच्यावरून उतरून जिथे जायला हवा होता तिथे गेला.

त्याने आणखीही सांगितले, आणि तेही आपण ऐकून घ्यायला हवे, कारण सगळाच दोष कंपन्यांचा असतो असे नाही. मायक्रोवेव्हच्या आत झुरळांनी घर केलेले असते, ती तारांवर फिरून पट्टी जळते. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवतात, वर तेलाचे डबे आणि पापडाचे पिंप, मग मागची गरम हवा जाणार कुठे? कपडे धुण्याच्या यंत्रात खिशातली नाणी नि पिना जातात. शिवाय आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती क्षारांनी पांढरी होऊन बसते, पाणी आत येत नाही, आणि बाई म्हणते यंत्र बिघडले. त्या जाळीची साफसफाई आपल्या हाताने होते, नळ बंद करून नळी फिरवून काढायची. पाणी तापवणारे यंत्र असेल तर आतल्या कॉइलवर क्षार चढतात, त्यासाठी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठराविक दिवसांनी रिकामे यंत्र चालवायचे. वीज जाऊन लगेच आली तर फ्रीज तीन-चार मिनिटे बंद ठेवून मग लावावा, कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. आणि मिक्सर! उन्हाळ्यात काळा मसाला करायला घेतला की खोबरे, धने, सगळे एका दमात. सलग किती मिनिटे चालवायचा हे पुस्तिकेत लिहिलेले असते. तो तापून एकाएकी बंद पडला तर घाबरून दुरुस्तीला नेऊ नका. उलटा करून पाहा, पुष्कळ मिक्सरना तळाशी एक लाल बटण असते. गार झाल्यावर ते दाबले की चालू होतो. एवढ्या बटणासाठी आपल्यातल्या एकीने दोनशे रुपये मोजले आहेत. नाव सांगत नाही, त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

कूलरचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, आणि तीन पायांच्या पिनेऐवजी दोन तारा नुसत्या खोचलेल्या. पाणी भरण्याआधी बटण बंद करायचे आणि पिन काढायची. अर्थिंग नसेल तर आधी वायरमनला बोलवा. ह्यात हमीबिमीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

तर सांगायचे ते असे की, ज्या दिवशी आपण जाळी झाडली, फिल्टर बदलला, ती तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवावी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. व्होल्टेज फार कमीजास्त होत असेल, दिवे मंद होत असतील, तर १९१२ वर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तो क्रमांकही तिथेच लिहावा. उद्या कोणी म्हणाले की तुम्ही निगा राखली नाही, तर आपल्याजवळ दाखवायला काही असले पाहिजे.

धुळ्याच्या माझ्या भावजयीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिने २०२२ मध्ये घरघंटी घेतली. घरचे दळून होई, मग गल्लीतल्या चार बायकांचे दळू लागली, त्यातून महिन्याला थोडे पैसे सुटत. भाऊचे काम सुटले होते, त्यामुळे त्या पैशांवर मुलांच्या वह्यापुस्तकांचे चाले. आठव्या महिन्यात मोटार जळाली. कंपनी म्हणाली, ही घरगुती वापराची घंटी आहे, तुम्ही धंदा केलात, हमी संपली. आणि वर असेही म्हणाली की धंदा करणारी बाई ग्राहक होत नाही, कुठेही जा.

हे शेवटचे मात्र खोटे होते. कायद्यात असे आहे की, जो वस्तू पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतो तो ग्राहक नव्हे. पण जो केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून ती वस्तू वापरतो, तो ग्राहकच. शिलाई यंत्र घेऊन चार ब्लाउज शिवणारी बाई, घरघंटीवर गल्लीचे दळणारी बाई ह्या कारखानदार नव्हेत. भावजयीने त्याप्रमाणे अर्ज लिहून त्याची एक प्रत कंपनीला पाठवली, आणि कळवले की पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर हाच अर्ज जिल्हा आयोगात देते. पण कार्डावर 'घरगुती वापरासाठीच' ही अट होती, ती काही पुसली गेली नव्हती. ग्राहक म्हणून तक्रार करण्याचा हक्क वेगळा आणि कार्डावरची अट वेगळी. शेवटी तडजोड झाली, मोटार कंपनीने दिली, मजुरी व भाडे भावजयीने भरले. तिला हे काही पूर्ण न्याय वाटला नाही. मला वाटते, तिने घेतले ते बरे केले, कारण घंटी बंद असलेल्या प्रत्येक दिवसाचे नुकसान तिचे होते, कंपनीचे नव्हते. पण तुम्ही घंटी घेताना दुकानात आधीच विचारा, शेजारणीचे दळले तर हमी राहील का? आणि हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या.

कायद्याचे थोडे सांगते, म्हणजे हे कुठून आले ते कळेल. बायकांनी ऐकून ठेवावे की, आपल्या देशातली अगदी सुरुवातीची ग्राहक संस्था १९६६ मध्ये मुंबईला नऊ गृहिणींनी मिळून काढली, कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया हे तिचे नाव. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. अशा माणसांनी वर्षानुवर्षे रेटा लावला तेव्हा २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून २४ डिसेंबरला आपण ग्राहक दिन पाळतो. तो कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला.

नव्या कायद्याने आपली एक मोठी सोय केली. पूर्वी तक्रार बहुधा विकणाऱ्याच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे करावी लागे. आता आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. पुण्याहून मागवलेल्या मिक्सरची तक्रार जळगावातल्या बाईने जळगावला करावी, धुळ्याच्या बाईने धुळ्याला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. घरबसल्या संगणकावरूनही तक्रार देता येते, त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाची सोय सुरू झाली आहे. आपल्या मुलामुलींना ती सहज जमते.

आणि दुकानदार जे म्हणाले की विकल्यावर आमचा संबंध संपला, तसे नाही. तक्रारीत विकणारा आणि बनवणारा दोघांनाही घालता येते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, ही कायद्याने अनुचित प्रथा ठरली आहे. बिल न देणे हीसुद्धा. म्हणून 'पक्के बिल घेतले तर टॅक्स लागेल वहिनी, तुम्हांला स्वस्तात देतो' असे कोणी गोड बोलले तर त्याला बळी पडू नका. बिल नसेल तर वस्तू केव्हा आणि कोणाकडून घेतली हेच सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

दोष वस्तूचा की वापरणाऱ्याचा, असा वाद पडला आणि नुसते पाहून कळत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागतो. तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा असे कायद्यात आहे. लागावा असे आहे, तेव्हा धीर धरण्याची तयारी ठेवावी. मधल्या वाटेने दोन्ही पक्षांना बसवून समेट घडवण्याचीही सोय त्यात आहे, ती वाईट नाही.

हमी संपल्यावर दुरुस्तीचे काय, हा प्रश्न राहतोच. सुटे भागच मिळत नाहीत म्हणतात, नवीनच घ्या म्हणतात. दोन हजारांचे काम नि वीस हजारांची नवी वस्तू. सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीचा हक्क ह्या नावाने एक संकेतस्थळ काढले आहे, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, केंद्रे हे एकत्र पाहायला मिळते. सगळ्या कंपन्या त्यावर नाहीत, पण आहेत त्यांचे पाहून घ्यावे. वाढीव वॉरंटी म्हणून दुकानात जे वेगळे पैसे घेतात त्याचाही कागद निराळा असतो, आणि पुष्कळदा ती वाढीव हमी कंपनीची नसते, तिसऱ्याच कोणाची असते. पैसे देण्याआधी तो कागद मागा. नंतर डाकेने येईल म्हणतात, तो आला तर आला.

आता एक फार महत्त्वाचे. कंपनीचा फोन नंबर मोबाइलवर शोधू नका. तिथे चोरांनी आपले नंबर कंपनीच्या नावाने पसरवून ठेवलेले असतात. आपण फोन लावतो, तो अगदी नम्रपणे बोलतो, म्हणतो नोंदणीचे दहा रुपये पाठवा, एक अ‍ॅप उतरवून घ्या, म्हणजे मी इथून तुमची तक्रार भरतो. ते अ‍ॅप उतरवले की आपल्या फोनवर जे दिसते ते सगळे त्याला दिसते. आणि खात्यातले पैसे जातात. नंबर घ्यायचा तो कार्डावरचा, बिलावरचा किंवा वस्तूच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवरचा. कोणाची अशी फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० ला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि माझ्या फ्रीजच्या ओटीपीची गोष्ट ऐकून गोंधळ करू नका. काम पुरे झाल्यावर घरी आलेल्या मेकॅनिकला द्यायचा तो कंपनीचा आकडा निराळा, आणि बँकेचा आकडा निराळा. निरोप पूर्ण वाचून पाहायचा, तो कोणाकडून आला आहे हे त्यात लिहिलेले असते. बँकेचा आकडा कोणालाही, कधीही द्यायचा नाही.

माझ्याजवळ ह्या सगळ्यांसाठी एक जुना बिस्किटांचा चौकोनी डबा आहे. त्यात प्रत्येक वस्तूचे बिल, कार्ड आणि पुस्तिका एका रबरात. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, हे दुकानातच पाहून घेते. हल्लीच्या बिलाची शाई सहा महिन्यांत उडते, कागद कोरा होतो, म्हणून घेतल्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढायची आणि फोनवर फोटो. मेकॅनिक येऊन गेला की त्याची पावती, तारीख, आणि तो काय म्हणाला ते दोन ओळींत. लेखी देत नसेल तर त्याच्यादेखतच आपण लिहावे, नि त्याला वाचून दाखवावे. एवढे केले तरी त्याची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

माझा वेळ संपत आला, चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. आपल्या मंडळात अशा किती बायका आहेत ज्यांची एखादी वस्तू हमीत असून बंद पडली आहे, ह्याची यादी करावी असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता, मंडळाच्याच खोलीत बसू. येताना बिल आणि कार्ड आणा, वस्तूच्या मागचा क्रमांक चिठ्ठीवर उतरवून आणा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये, मलाही येत नाही. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी येणार आहेत, त्या प्रत्येकीचे कार्ड मराठीत वाचून दाखवतील, आणि ज्यांची तक्रार करण्याजोगी असेल त्यांचा १९१५ चा फोन आपण तिथूनच लावू.